एका झुडपाच्या दोन पिशव्या

गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर दोन कागदी पिशव्या आल्या. दोन्हींवर एकाच झुडपाचं नाव, एकच तारीख, एकाच माणसाचं तिरकं अक्षर. झुडपाचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकल्पाचा अहवाल अजून बाहेर पडलेला नाही आणि मला त्यावरून बोलणी खायची नाहीत. चराऊ रानात उगवणारं, कमरेइतकं उंच, बारीक पानांचं, वाकड्या काट्यांचं झुडूप. एवढं पुरे.

पाला दळला, सत्तर टक्के ॲसिटोनमध्ये ढवळला, गाळला. मग टॅनिनची, म्हणजे पाला तुरट करणाऱ्या रसायनांची, नेहमीची चाचणी लावली. ब्यूटेनॉल, त्यात थोडं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, चिमूटभर लोहाचा क्षार, आणि उकळायला आलेल्या पाण्यात जवळपास तासभर. ब्यूटेनॉलचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. डोक्यात जातो आणि संध्याकाळपर्यंत ओढणीतून निघत नाही.

नळ्यांचा स्टँड बाहेर काढला तर पहिल्या पिशवीच्या तिन्ही नळ्या गडद किरमिजी. दुसऱ्या पिशवीच्या तिन्ही जेमतेम गुलाबी, इतक्या की पांढरा कागद मागे धरल्याशिवाय रंग आलाय की नाही ते कळेना. हा रंग म्हणजेच उत्तर असतं. संघनित टॅनिन ही लांब साखळी असते. गरम आम्लात तिच्या कड्या सुटतात आणि टोकाची सोडून सुटलेली प्रत्येक कडी लाल होते. फुलांना लाल-जांभळा रंग देणाऱ्या रंगद्रव्यांच्याच घराण्यातली ती. नंतर ५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्र आकडा देतं, पण खरं सांगायचं तर आकडा यायच्या आधीच डोळ्यांना कळलेलं असतं.

माझा पहिला संशय माझ्यावरच. आम्ल घालायचं राहिलं असेल, पिपेटचं टोक बदललं नसेल. सगळं पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नवीन ब्यूटेनॉल उघडून केलं, तेव्हाही तेच. मग पाला पाठवणाऱ्या दादांना फोन लावला.

"दोन्ही एकच झुडूप आहे ना हो?"

"एकच जात, ताई. एक नाल्याच्या वळणावरचं. जनावरं पाण्याला थांबतात ना, तिथलं. दुसरं वरच्या मुरमाड धारेवरचं."

"आणि शेळ्या?"

"खालचं आधी ओरबाडतात. वरच्याला तोंड लावतात नि पुढे जातात."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

बरोबर होतं त्यांचं. आमच्या पिशवीवरच्या चिठ्ठीत जात, तारीख, वजन आणि गोळा करणाऱ्याची सही यांना रकाने आहेत. झुडूप कुठे उभं होतं, याला रकानाच नाही. वीस वर्षं मी पाल्यातली रसायनं मोजतेय आणि वीस वर्षं ही चिठ्ठी तशीच आहे. तिच्यामुळे तक्त्यांत काय होतं बघा. "अमुक झुडूप, टॅनिन इतके टक्के." जणू तो आकडा त्या जातीच्या कपाळावर लिहिलेला आहे. प्रत्यक्षात तो त्या एका झुडपाचा, त्या जागेचा आणि त्या दिवसाचा असतो.

दोन पिशव्यांत एवढा फरक का, याचं पुस्तकी उत्तर १९८३ साली ब्रायंट, चॅपिन आणि क्लाइन यांनी मांडलं. ते उत्तरेकडच्या थंड जंगलांतल्या झाडाझुडपांबद्दल लिहीत होते, पण विचार कुठेही लावता येतो. झुडपाला कार्बन हवेतून मिळतो, उन्हाच्या जोरावर. नत्र मिळतं जमिनीतून. मुरमाड धारेवर ऊन भरपूर, नत्र आणि पाणी तोकडं. नवीन पान, नवीन फांदी काढायची तर प्रथिनं लागतात, प्रथिनांना नत्र लागतं, आणि तिथेच गाडी अडते. साखर मात्र बनतच राहते. ती शिल्लक साखर फिनॉल (टॅनिनही त्यांतलंच) अशा कार्बनवर उभ्या असलेल्या रसायनांत जाते. नाल्याच्या वळणावर उलटं. तिथे ओल आहे, शेण-मूत आहे, अर्धा दिवस सावली आहे. जी साखर बनते ती वाढीतच खर्च होते. टॅनिनसाठी मागे काही उरत नाही.

पाण्याचंही असंच आहे, आणि हा भाग मला सगळ्यांत आवडतो. पान मोठं होतं ते पेशी पाण्याने फुगून ताणल्या जातात म्हणून. ओल जराशी कमी झाली की सगळ्यांत आधी हे ताणणं थांबतं. प्रकाशसंश्लेषण तेवढ्याने लगेच थांबत नाही. मधल्या त्या काळात झुडूप बाहेरून गप्प उभं दिसतं, एक पान वाढत नाही, पण आत साखर साठत असते. म्हणून थोडी तहान लागलेल्या झुडपात फिनॉल वाढलेली सापडतात.

"थोडी" या शब्दावर जोर आहे. लोक इथे घसरतात. दुष्काळ म्हणजे पाला कडू, एवढंच लक्षात ठेवतात. हर्म्स आणि मॅटसन यांनी १९९२ मध्ये यावर जो मोठा लेख लिहिला, त्यातला आलेख टेकडीसारखा आहे. फार चांगल्या जागेत टॅनिन कमी, मध्यम हलाखीत जास्त, आणि हलाखी टोकाला गेली की पुन्हा कमी. पानांची रंध्रं दिवसभर बंद, साखरच बनत नाही, मग टॅनिन कशाचं करणार? त्यामुळे कोणी मला "यंदा पाऊस कमी, म्हणजे टॅनिन जास्त ना?" असं विचारलं की मी उलट विचारते, किती कमी, आणि कधीपासून?

शिल्लक साखरेची ही गोष्ट ऐकायला फार गोड आहे. इतकी की बरीच वर्षं तिला कोणी फारसं हटकलं नाही. १९९९ मध्ये जोन्स आणि हार्टली यांनी हिशेब साखरेऐवजी फिनिलॲलॅनिन या अमिनो आम्लावर लावला. प्रथिनांनाही तेच लागतं आणि बहुतेक फिनॉलही त्यातूनच निघतात. एकच माल, दोन गिऱ्हाइकं. वाढ जोरात असेल तर प्रथिनं माल उचलतात. वाढ थांबली की फिनॉलचा नंबर लागतो. मग २००१ मध्ये एका गटाने १९८३ च्या कल्पनेचा उदय आणि अस्त असं सरळ नावातच म्हणत लेख लिहिला, कारण खत घातलं, सावली केली, तर प्रत्येक वेळी अपेक्षेप्रमाणे उत्तर येईना. मला विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या झुडपांपुरत्या बरोबर आहेत. संघनित टॅनिनला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. टर्पीनला तितका पडत नाही.

टर्पीन म्हणजे पान चुरगाळलं की जो उग्र वास येतो तो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचं सेजब्रश हे त्यातलं नावाजलेलं झुडूप, मैलोन् मैल करडं रान त्याचंच. तिकडे निरनिराळ्या जागांहून आणलेली सेजब्रशची रोपं एकाच बागेत, एकाच मातीत शेजारी-शेजारी वाढवून पाहिली आहेत. जागेचा फरक काढून टाकला, तरी एका ठिकाणच्या रोपांत टर्पीन जास्त आणि दुसऱ्या ठिकाणच्यात कमी, हा फरक उरलाच. म्हणजे तो रक्तातला. सेजब्रशच्या पोटजाती ओळखायची एक युक्ती तर इतकी सोपी आहे की मला हेवा वाटतो. पान पाण्यात टाकायचं आणि अंधारात अतिनील दिवा धरायचा. डोंगरावरच्या पोटजातीचं पाणी निळसर चमकतं, कूमारिन गटातल्या द्रव्यांमुळे. बाकीच्यांचं फिकटच राहतं. ना आम्ल, ना ब्यूटेनॉल.

टर्पीनवरून माझी एक जुनी चूक सांगते. कामाला लागून दुसरंच वर्ष. वासाच्या झुडपांचा पाला आला होता, ओला, आणि शुक्रवार संध्याकाळ. बुरशी लागू नये म्हणून मी तो ऐंशी अंशांवर ओव्हनमध्ये ठेवून घरी गेले. सोमवारी दार उघडलं तर सगळ्या खोलीत असा सुगंध! मला इतकं छान वाटलं. सर मागून आले, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाले, "हा जो वास येतोय ना, तो आपला नमुना आहे." जे मोजायचं होतं ते हवेत होतं. पिशवीत उरला होता तो भुस्सा. टर्पीन उडतात. टॅनिन उडत नाहीत, पण त्या उष्णतेत प्रथिनांना आणि तंतूंना अशी चिकटतात की ॲसिटोनलाही सुटत नाहीत आणि आकडा खोटा, कमी येतो. म्हणून जमलं तर गोठवून सुकवायचं, नाही तर चाळीस अंशांच्या वर जायचं नाही. जुन्या अहवालांत टॅनिनचा आकडा फारच कमी दिसला की मी आधी पाला कसा सुकवला ते शोधते. झुडपाची वाढ कशी झाली यावर वाद घालण्याआधी, तोडल्यानंतर त्याचं काय झालं हे बघावं लागतं. अर्ध्या वेळा तिथेच उत्तर मिळतं.

रक्तातलं आणि जागेचं हे एकमेकांत कसे गुंततात, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत देखणं उदाहरण दक्षिण फ्रान्समधल्या रानटी थाइमचं. मोंपेलिए शहराच्या उत्तरेला दगडाळ चराऊ टेकड्यांवर हे वासाचं बुटकं झुडूप उगवतं. जात एकच, पण त्याचे सहा रासायनिक प्रकार आहेत. काहींच्या तेलात थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉल मुख्य, काहींच्या तेलात दुसरंच काही. कुठला प्रकार व्हायचा हे जनुकं ठरवतात. रोप दुसरीकडे नेऊन लावलं म्हणून थायमॉलवालं आपलं तेल बदलत नाही. तरीही नकाशा काढला तर प्रकार जागेप्रमाणे वाटलेले दिसतात. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉलवाले उबदार, कोरड्या उतारांवर. सँ-मार्तँ-द-लोंद्र्‌च्या खोलगट खोऱ्यात, जिथे हिवाळ्यात थंड हवा तळाला साचून राहते, तिथे दुसरे. कारण थायमॉल-कार्व्हाक्रॉलवाल्यांना हिवाळ्याच्या सुरुवातीची कडक थंडी सोसत नाही. जागेने तिथे रसायन बदललं नाही. कोणी जगायचं ते ठरवलं. आणि हिवाळे सौम्य होत गेल्यावर, १९७० च्या दशकातल्या नोंदींशी ताडून पाहिलं तर, हे प्रकार पूर्वी जिथे नव्हते तिथेही शिरलेले आढळले. जॉन थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे मांडलं. नकाशावर दोन रंगांचे ठिपके बघून "माती बदलली की तेल बदलतं" असं मी बेधडक लिहून टाकलं असतं, आणि ते चुकलं असतं.

आता शेळ्यांकडे. दादा म्हणाले तसं शेळ्या खालचं झुडूप आधी खातात. पण शेळीला चव कळते म्हणजे नक्की काय कळतं? अमेरिकेतल्या युटा राज्यात फ्रेड प्रोव्हेंझा या अभ्यासकांनी ब्लॅकब्रश नावाच्या झुडपावर शेळ्या सोडल्या होत्या. कल्पना अशी की हिवाळ्यात शेळ्यांनी शेंडे खुडले की नवी फूट येईल, नव्या फुटीत नत्र जास्त, म्हणजे चारा सुधारेल. फूट आली, नत्रही जास्त होतं. शेळ्यांनी ती बाजूला सारून जुन्या, कमी नत्राच्या काटक्या चघळल्या. नव्या फुटीत संघनित टॅनिन भरलेलं होतं, आणि ते खाल्ल्यावर काय वाटतं हे शेळ्या अनुभवाने शिकल्या होत्या. त्याच प्रयोगातला एक कळप मात्र चक्क रानउंदरांची घरं खायला लागला! काटक्याकुटक्यांची ती घरं उंदरांच्या मुताने भिजलेली, म्हणजे नत्राने भरलेली. त्या कळपाचं वजन बाकीच्यांपेक्षा कमी घटलं. मी ही गोष्ट जेवायच्या सुट्टीत सांगितली होती. पुन्हा सांगू नकोस असं बजावलं गेलं.

पण मला यातून वेगळीच गोष्ट टोचते. खुडलं की झुडूप चिडतं आणि विष वाढवतं, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात कुंपणात कोंडलेली कुडू हरणं मेली, बाभळींनी टॅनिन वाढवलं म्हणून, ही कहाणी तर प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी सांगतंच. त्याच देशातलं दुसरं काम कोणी सांगत नाही. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्यांजवळच्या बाभळी सतत खुडल्या जातात. द्यु टॉइट, ब्रायंट आणि फ्रिस्बी यांना १९९० मध्ये दिसलं की या फार खुडलेल्या झाडांच्या फुटीत टॅनिन कमी आणि पोषण जास्त होतं. शेंडे कमी उरले की मुळांकडून येणारं नत्र थोड्याच शेंड्यांत वाटलं जातं, ते झपाट्याने वाढतात, आणि साखर वाढीतच संपते. जनावरं पुन्हा तिथेच येतात. ब्रायंट म्हणजे १९८३ वालेच. माझं नाल्याच्या वळणावरचं झुडूप या बाभळींचंच भावंड वाटतं. तरी ब्लॅकब्रशमध्ये खुडल्यावर उलटं झालंच होतं. कुठलं झुडूप, कुठल्या मातीत, किती जुनं, यावर सगळं.

नत्रावर उभी असलेली रसायनं असतील तर हिशेब पुन्हा उलटतो. काही झुडपांच्या पाल्यातून, पान चावलं वा सुकून मोडलं की, हायड्रोजन सायनाइड सुटतं. ते ज्या द्रव्यातून सुटतं त्याला नत्र लागतं, म्हणून तिथे खताने धोका वाढू शकतो. आणि सॉल्टबुशसारखं खारट रानातलं झुडूप तर प्रयोगशाळेला सरळ फसवतं. जाळून पाहिलं तर पानाच्या कोरड्या वजनातला पाव हिस्सा राख निघू शकते, बरीचशी मिठाची. प्रथिन मोजायची आमची पद्धत म्हणजे नत्राला ६.२५ ने गुणायचं. या झुडपाच्या पानात ग्लायसीन बीटेनसारखी द्रव्यं साठतात, खाऱ्या मातीत पाणी धरून ठेवायला. त्यांच्यात नत्र असतं, पण ती प्रथिनं नव्हेत. कागदावर मात्र चारा एकदम कसदार दिसतो.

टक्क्यांचीही एक गंमत आहे. समजा एका पानाचं कोरडं वजन १० मिलिग्रॅम आणि त्यात टॅनिन अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ५ टक्के. पाऊस आला, पान वाढून २० मिलिग्रॅम झालं, टॅनिन तेवढंच राहिलं. आता २.५ टक्के. झुडपाने काहीच कमी केलेलं नाही, तरी आमच्या अहवालात "टॅनिन निम्म्यावर आलं" असं छापलं जातं. शेळीच्या दृष्टीने ते खरंही आहे, तिला घासागणिक निम्मंच मिळतं. झुडपाने काय केलं हे विचारायचं असेल तर मात्र टक्के उपयोगाचे नाहीत, अख्ख्या पानाचा हिशेब हवा. मी हल्ली सुकवल्यावर शंभर पानं मोजून त्यांचं वजन वेगळं लिहून ठेवते. बारीक पानं मोजताना मान धरते, पण ठेवते.

त्या दोन पिशव्यांची पानं मोजली. नाल्याकाठची पानं मोठी निघाली, पण फरक इतकाही नाही की फिकट गुलाबी नळ्यांचं सगळं खापर पानाच्या आकारावर फुटावं. म्हणजे तिथे टॅनिन खरंच कमी बनलं होतं, आणि वरून पातळही झालं होतं.

चिठ्ठीत नवे रकाने घातले. जागा, ऊन-सावली, खुडलेलं की नाही, पान शेंड्याचं की खालचं. दादांनी पहिल्याच आठवड्यात तिसरी पिशवी पाठवली, सगळे रकाने भरून, शिवाय मागच्या बाजूलाही लिहून. वरच्या धारेवरचंच झुडूप, पण मोठ्या दगडाच्या आडोशाला. दुपारनंतर सावली. दगडाच्या बुडाशी ओल. शेळ्या तिथे बसतात, लेंड्या आहेत, अर्धं झुडूप खाल्लेलं.

नळ्या मधल्याच रंगाच्या आल्या. सावलीमुळे की ओलीमुळे, लेंड्यांमुळे की खुडल्यामुळे, काहीही म्हणा. चार कारणं एका पिशवीत. दादांना फोन करून विचारलं, तेवढा दगड जरा बाजूला सरकवता येईल का, म्हणजे ऊन तरी सारखं होईल.

"ताई," ते म्हणाले, "दगड हत्तीएवढा आहे."